मुलांचा खरा निवारा

राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामासाठी मी एका वस्तीतील बालवाडीत जात असे. तेथील चार वर्षांची एक मुलगी रोज एकच खेळ खेळे. चिंध्यांच्या बाहुलीला ती बदडून काढी आणि मग तिला फडक्यात गुंडाळून कपाटामागे लपवी. तिचे वडील दारू पिऊन आईला मारतात, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होते. पण 'घरचा मामला' म्हणून सारे गप्प होते. एकदा मी तिच्या हातून बाहुली काढून घेतली आणि "असं मारू नये," म्हणून दटावले. त्यानंतर ती माझ्याजवळ फिरकेना. माझे काय चुकले, ते पुढे मानसशास्त्राच्या अभ्यासात उमगले.

सप्टेंबर १९४० पासून लंडनवर जर्मन विमानांचे हल्ले सुरू झाले. १९४१ मध्ये ॲना फ्रॉईड व डोरोथी बर्लिंगहॅम यांनी तेथील हॅम्पस्टेड भागात युद्धग्रस्त बालकांसाठी निवासी बालगृहे काढली. त्यांना असे आढळले की, लहान मुलांना बॉम्बपेक्षा आईची ताटातूट अधिक जाचते. आई जवळ असेल आणि धीराने वागत असेल, तर मूलही पुष्कळ सोसते. आई हादरली की तेही हादरते. म्हणून पालकांना केव्हाही भेटीस येण्याची मुभा ठेवण्यात आली. पुढे मुलांचे चार-पाच जणांचे गट करून प्रत्येक गट एकेका सेविकेकडे सोपविला. आरंभी हेवेदावे व रडारड वाढली. पण हळूहळू मुले स्थिरावली, त्यांचे बोलणे व सवयीही सुधारल्या.

तेथील चार वर्षांच्या एका मुलाचे वडील मरण पावले होते, पण तो ते मान्य करीत नसे. तो कागदी घरे मांडी आणि गोट्यांचे बॉम्ब टाकून ती पाडी. त्याच्या खेळातील माणसे मात्र दरवेळी सुखरूप बाहेर पडत. जे शब्दांत सांगता येत नाही, ते मूल खेळातून सांगते. मी बाहुली काढून घेतली, म्हणजे त्या मुलीचे बोलणेच तोडले!

यातून मला एवढेच मांडावयाचे आहे की, अशा मुलाचा खरा निवारा म्हणजे विश्वासाचे माणूस. ते माणूस टिकविणे हे शेजाऱ्यांचे काम आहे. आईला आधार देणे म्हणजे मुलाला आधार देणे. बालवाडीची सेविका वारंवार बदलू नये. रात्री आरडाओरडा झाला, तर एक तरी दार उघडे असावे. मुलाच्या जिवाला धोका दिसल्यास १०९८ या क्रमांकावर कळविण्यास कचरू नये.

मी बाहुली परत केली आणि काही न बोलता त्या मुलीशेजारी बसू लागले. कित्येक दिवसांनी तिने बाहुली माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "हिला झोपव." तिच्या घरची मारहाण त्याने थांबली नाही. ती थांबविण्यासाठी वस्तीनेच 'घरचा मामला' हे शब्द टाकून द्यावयास हवेत. आपल्या आळीत आपण ते टाकले आहेत काय?