विमानाच्या तिकिटावरची वेळ

आपल्या तुळिंजहून कोणाचा मुलगा दुबईला जातो, कोणाची लेक लंडनला. तिकीट घरात येते. त्यावर मजकूर थोडा, आकडेच फार. आज आपण ते आकडे वाचू.

नालासोपारा ते चर्चगेट सुमारे ५६ किलोमीटर. असे सव्वाशेच्या वर प्रवास एकापुढे एक मांडले, म्हणजे लंडन येते. सरळ वाटेने ते मुंबईपासून सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान प्रथमच मुंबईहून लंडनला निघाले. त्याला वाटेत कैरो आणि जिनिव्हा येथे उतरावे लागले. आता विमान मध्ये न थांबता साधारण ९ ते १० तासांत पोचते.

समजा, तिकिटावर लिहिले आहे: मुंबई १४:००, लंडन १८:३०. १४ म्हणजे दुपारचे दोन. १२ वजा केले की आपली नेहमीची वेळ मिळते. दोनला निघाले, साडेसहाला पोचले. मग साडेचार तासच लागले का? नाही. सुटण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची, पोचण्याची लंडनच्या. लंडन आपल्या पश्चिमेला. सूर्य आधी आपल्याकडे उगवतो, तिकडे उशिरा. म्हणून तिथले घड्याळ हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. उन्हाळ्यात ते लोक घड्याळ एक तास पुढे सारतात, तेव्हा साडेचार तास मागे. दुबईचे बारा महिने दीड तासच मागे. हिवाळ्याचा हिशेब धरा: साडेचार अधिक साडेपाच, म्हणजे दहा तास.

येताना उलट करावे. लंडन रात्री ९, मुंबई दुसऱ्या दिवशी सकाळी ११॥. दिसतात साडेचौदा तास. त्यातून साडेपाच वजा करा, नऊ उरले. एक तास कमी कसा? उंचावर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराने वाहतो. तो येताना विमानाला पाठीमागून रेटतो. सोपाऱ्याच्या जुन्या बंदरातले तांडेलही वारा बघूनच गलबत हाकारीत.

आता खरी फसगत होते ती तारखेची. तिकिटावर १५ तारीख आणि ०२:१० असे असेल, तर पुष्कळ माणसे १५ च्या रात्री निघतात. विमान तर पहाटेच गेलेले असते! रात्री बारा वाजले की तारीख बदलते. म्हणून घर १४ च्या संध्याकाळीच सोडायचे. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे रात्री अकराला पोचायला हवे. संध्याकाळी विरारकडे येणाऱ्या गाड्यांना गर्दी. अंधेरीकडे जाणाऱ्या गाडीत त्या मानाने बरे. तरी बोजा मोठा असेल तर दोन गाड्या सोडाव्या लागतील, एवढा वेळ हाताशी ठेवावा.

आणि लेक तिकडे पोचल्यावर हिवाळ्यात कधी रात्री बाराला फोन वाजला, तर दचकू नये. तिथे संध्याकाळचे साडेसहाच वाजलेले असतात. ती नुकती कामावरनं सुटलेली असेल.