मशीन जुनं चालेल, बॅटरी नाही

जुनं कॉर्डलेस ड्रिल घ्यायला गेलात की आधी बॅटरी काढून बाजूला ठेवा आणि नुसत्या मशीनचा भाव करा. बॅटरीची किंमत शून्य धरा. विकणारा म्हणेल, "शेठ, दोन-दोन बॅटऱ्या देतोय की सोबत!" म्हणू द्या. पुण्याच्या वाघोलीत फर्निचर फिटिंगची कामं करताना मी बरीच जुनी मशीनं घेतली, विकली, खोलून पाहिली. धड वापरलेलं मशीन वर्षानुवर्षं चालतं. बॅटरी मात्र कपाटात पडल्या पडल्याही म्हातारी होते, आणि गिऱ्हाईक नागवलं जातं ते तिच्यातच.

आमच्या भागात अशा मशीनांना मागणी का आहे, ते इथली कामं पाहिल्यावर कळतं. केसनंद फाटा, बकोरी रस्ता, लोहगाव रस्ता, जिकडे बघाल तिकडे टॉवर. नव्या फ्लॅटचं काम सुरू होतं तेव्हा आत धड वीज नसते. तात्पुरत्या लाइनीच्या एका बोर्डावर टाइलवाला, पीओपीवाला आणि रंगारी तिघं अडकलेले. अशा ठिकाणी वायरचं ड्रिल घेऊन सुतार नुसता बसून राहतो. काम संपलं की ठेकेदार सामान काढतो, गावी निघालेला मिस्त्री मशीन विकून गाडीभाड्याची सोय करतो. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातही नजर असेल तर चांगला माल मिळतो. नवं घेण्याची ऐपत नसलेल्या पोराला धंद्यात पाय रोवायला हाच रस्ता असतो, म्हणून जुनं घेऊच नका असं मी कुणालाही सांगत नाही.

मशीन तपासणं फारसं अवघड नाही. चकमध्ये लांब बिट लावून फिरवा. टोक थरथरत असेल तर चक किंवा त्याची दांडी गेली. ट्रिगर हळूहळू दाबत जा, वेग पायरीपायरीनं वाढला पाहिजे. उलट-सुलट दोन्हीकडे चालवा. मागच्या जाळीतून थोड्या ठिणग्या दिसल्या तर कार्बन ब्रश झिजले असतील, ते स्वस्तात बदलतात. जळका वास आला तर आर्मेचर. ब्रशलेस मशीनचं सर्किट गेलं तर दुरुस्ती महागात पडते, तिथे हात आखडता घ्या. आणि नंबर प्लेट खरवडलेली असेल तर भाव कितीही पडू दे, तिथून निघा. साइटवरून मशीनं चोरीला जातात, आणि माल चोरीचा असल्याचं माहीत असून किंवा तशी शंका घ्यायला जागा असून घेतला तर भारतीय न्याय संहितेचं ३१७ वं कलम घेणाऱ्यालाही लागतं. जुनं बिल मागा. नसेल तर विकणाऱ्याकडून नाव, तारीख आणि सही असलेली चिठ्ठी घ्या.

आता बॅटरी. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये साधारण ३.६ व्होल्टचे पाच लिथियम सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल ४.२ वर जातो, म्हणजे पॅक २१ वर. 'वीस व्होल्ट मॅक्स' लिहिलेलं मशीन हेच, फक्त आकडा चार्ज भरलेला असतानाचा. आत पाच सेलांची एकच रांग असेल तर दीड ते तीन अँपिअर-अवर मिळतात, दोन रांगा असतील तर त्याच्या दुप्पट. हे गणित पाठ असेल तर अर्धी फसवणूक टळते. सेल बहुतेक करून १८६५० मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. या मापात चांगल्यातला चांगला सेल साडेतीन अँपिअर-अवरच्या आसपास थांबतो, आणि ड्रिलला लागणारा जोर देणारा सेल अडीच-तीनचा असतो. म्हणजे असल्या दहा सेलांच्या पॅकवर कुणी नऊ अँपिअर-अवरचं स्टिकर लावलं, तर ते आकड्यातच खोटं आहे. '४८ व्होल्ट', '८८ व्होल्ट' छापलेल्या स्वस्त मशीनांचंही तेच. आत पाच सेल निघाले की १८ व्होल्टच.

आमच्या एका मिस्त्रीनं परिसरातल्याच एका दुकानातून 'सहा अँपिअर-अवर'चं स्टिकर लावलेला असाच एक पॅक घेतला. सागाच्या चौकटीत तीन इंची स्क्रू मारताना मशीन मध्येच थांबायचं आणि थोडं थांबून पुन्हा चालायचं. पॅक हाताला चटका देईल इतका तापायचा. एका संध्याकाळी चार्जरवर असतानाच त्यातून गोडसर वास यायला लागला आणि एका बाजूनं प्लास्टिक फुगलं. मिस्त्री सावध होता. त्यानं मेन स्विच बंद केला, पॅक फावड्यावर घेऊन बाहेरच्या वाळूच्या ढिगावर टाकला आणि सगळ्यांना लांब केलं. धूर निघाला, तेवढ्यावरच निभावलं.

दुसऱ्या दिवशी थंड झालेला पॅक खोलला. आत निळ्या-हिरव्या, वेगवेगळ्या रंगांच्या वेष्टनांचे सेल. प्रत्येकाच्या टोकाला स्पॉट वेल्डिंगच्या टिपक्यांचे दोन संच. एक आत्ताच्या पट्टीचा, दुसरा कधीतरी उपटलेल्या जुन्या पट्टीचा. लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला माल होता तो. सेलांमध्ये प्लास्टिकच्या जाळीऐवजी पुठ्ठ्याचे तुकडे कोंबलेले आणि दोन ठिकाणी पट्टीऐवजी सोल्डर केलेली वायर. लॅपटॉपला सेलाकडून लागतात थोडे अँपिअर, तेही तासन् तास. ड्रिल स्क्रूवर अडलं की एका झटक्यात वीस-तीस अँपिअर ओढतं. त्या सेलाची ती ताकदच नाही. त्यात तापलेली सोल्डर गन थेट सेलाच्या टोकावर धरली की आतला पातळ पडदा दुखावतो, आणि ते बाहेरून दिसत नाही.

म्हणून जुनी बॅटरी घ्यावीच लागली तर पूर्ण चार्ज करून रात्रभर बाजूला ठेवू द्या, असा आग्रह धरा. सकाळी मल्टीमीटर लावा. साडेवीसच्या आसपास असेल तर बरी, बरीच उतरली असेल तर आत एखादा सेल बसलाय. मग लाकडात लांब स्क्रू सलग मारून बघा. थांबून पुन्हा चालू होणारी बॅटरी घेऊ नका. नव्या पॅकवर बीआयएसचा 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा आणि तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून कंपनीचं नाव जुळतंय का पाहा. खूण कुणीही छापतो, म्हणून हे जुळवणं महत्त्वाचं.

बॅटरी वाढवण्याचा, म्हणजे दोनच्या जागी चार किंवा पाच अँपिअर-अवरची लावण्याचा फायदा खरा आहे, आणि तो नुसता वेळेचा नाही. दोन रांगा झाल्या की भार वाटला जातो, प्रत्येक सेलावर निम्मा येतो, व्होल्टेज कमी घसरतं आणि तेच मशीन जोर धरतं. ग्राइंडर, कटर, मोठं होल सॉ यांना मोठी बॅटरी द्या. छताच्या कामाला मात्र लहानच बरी. दिवसभर हात वर धरणाऱ्याच्या खांद्याला विचारा. शक्य असेल तर त्याच कंपनीची नवी बॅटरी घ्या. दुसऱ्या कंपनीची बॅटरी ॲडॉप्टर लावून चालवताना एक धोका असतो: काही कंपन्यांच्या मशीनमध्ये बॅटरी फार उतरू न देणारं सर्किट मशीनमध्येच असतं, बॅटरीत नाही. जोडी बदलली की तो पहारा जातो आणि सेल तळापर्यंत ओढले जातात.

तळाला गेलेली बॅटरी चार्जर घेत नाही. मग कुणीतरी दुसऱ्या बॅटरीच्या वायरी लावून तिला 'झटका' देतं आणि ती जिवंत झाली म्हणून विकतं. फारच खाली उतरून बराच काळ पडलेल्या सेलात आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि पुन्हा चार्ज करताना ते भलत्या जागी जमून आतल्या आत शॉर्ट करू शकतं. चार्जरनं नकार दिला असेल तर तो मानावा.

जुन्या निकेल-कॅडमियम मशीनांचं वेगळं. ड्रिलमध्ये लिथियम आलं २००५ च्या सुमाराला; त्याआधीच्या १८ व्होल्टच्या पॅकमध्ये १.२ व्होल्टचे पंधरा सेल असत. त्यांच्या जागी पाच लिथियम सेल आणि त्यांच्यावर पहारा ठेवणारं सर्किट, म्हणजे बीएमएस, बसवून देणारे कारागीर आहेत, आणि काम नीट केलं तर मशीन छान चालतं. पण जुना चार्जर त्याच दिवशी तोडून टाका. लिथियम कुठे थांबवायचं हे त्याला कळत नाही, तो भरतच राहतो. साइटवर दोन्ही चार्जर पडलेले असतील तर पोरगा हाताला लागेल तो लावणार.

आणि चार्जिंग रात्री नको. मे २०२३ मध्ये वाघोलीच्या उबाळेनगरात मंडप-सजावटीच्या गोदामाला रात्री आग लागली, तीन कामगार गेले. त्या आगीशी मी बॅटरीचा संबंध जोडत नाही. पण आमची पोरंही प्लायच्या थप्पीशेजारी, फोम आणि फेविकॉलच्या डब्यांजवळच झोपतात, हे मला त्या दिवसापासून विसरता येत नाही. आता आमच्याकडे चार्जर फरशीवर, दारापासून दूर, जेवायच्या सुट्टीत आणि डोळ्यांसमोर लागतो. झोपायच्या आधी सगळे पॅक निघालेले असतात. पॅकनं पेट घेतलाच तर वीज तोडून लांबून भरपूर पाणी मारा, विझला तरी तो पुन्हा भडकू शकतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये बॅटऱ्या ठेवू नका. महिनाभर काम नसेल तर अर्ध्या चार्जवर, सावलीत ठेवा.

मेलेला पॅक भंगारवाल्याच्या पोत्यात टाकायचा नाही. पोत्यात लोखंडाचा तुकडा टोकांना लागला की आग लागायला उरलेला चार्जही पुरतो. टोकांवर चिकटपट्टी लावा आणि बॅटरी विकणाऱ्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. तेव्हा नवा पॅक घेताना जुना परत घेणार का, हे दुकानदाराला पैसे देण्याआधीच विचारा.