लॅब केमिस्ट व्हायचंय? नागपुरात पैसे कुठे भरायचे, कुठे नाही

आधी शब्दांचा घोळ सोडवा. औषधाच्या दुकानातल्या ‘केमिस्ट’साठी डी.फार्म. लागतं, रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी डीएमएलटी. औषध कंपनी, अन्न, पाणी, सिमेंट यांच्या चाचण्या करायच्या असतील तर रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करा. ‘शेवटी लॅबच ना’ म्हणत कुणी दुसरा कोर्स गळ्यात मारत असेल, तर उठून या.

बी.एस्सी.ला तीन वर्षं लागतात. नव्या धोरणात ऑनर्ससाठी चौथं. बारावी विज्ञान हवं. सिव्हिल लाइन्समधली शासकीय विज्ञान संस्था, हिस्लॉप, काँग्रेसनगरचं शिवाजी सायन्स इथे आधी चौकशी करा. खिडकीवर पहिला प्रश्न हाच: जागा अनुदानित की विनाअनुदानित? पदवी तीच मिळते, फीत मोठा फरक पडतो. प्रयोगशाळा शुल्क, परीक्षा शुल्क आणि अनामत वेगवेगळी लिहून मागा. अनामत परत मिळते, पावती जपा.

कागदपत्रं: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, आधार, लागू असेल तर जातीचा दाखला, जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर, शिष्यवृत्तीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. शिष्यवृत्तीचा अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर. दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा स्टॅम्पपेपर लागत नाही, ते शुल्क माफ आहे. मूळ कागद कॉलेजला ठेवून घेता येत नाहीत. प्रवेश रद्द केलात तर यूजीसीच्या २०१८च्या नियमाप्रमाणे प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के फी परत. पुढे काहीच नाही.

खरा खिसा कापला जातो तो पदवीनंतर, ‘एचपीएलसी ट्रेनिंग, १०० टक्के प्लेसमेंट’च्या पाटीखाली. एचपीएलसी म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन. समजा फी २०,००० सांगितली. १८ टक्के जीएसटी धरून ती २३,६०० होते. सर्टिफिकेट, मटेरियल वेगळं आहे का, तेही विचारा. पैसे भरण्याआधी लॅब बघा. एचपीएलसीशेजारचं लॉगबुक उघडायला सांगा. गेल्या महिन्याच्या तारखा, नमुन्यांची नावं, कॉलम, वापरणाऱ्याच्या सह्या दिसल्या पाहिजेत. पानं कोरी असली किंवा ‘मशीन सध्या बंद आहे’ असं उत्तर आलं, तर परत फिरा. स्लाइडवर पाहिलेलं मशीन मुलाखतीत कामाला येत नाही. मूलभूत गोष्टी तर कॉलेजातच पक्क्या होतात: परमँगनेटचं ब्युरेटमधलं रीडिंग वरच्या कडेला का घेतात, पीएच मीटर कोणत्या बफरने कॅलिब्रेट करतात. प्रॅक्टिकलला दुसऱ्याच्या वहीतून आकडे उतरवू नका. त्या तासाची फी तुम्ही भरलेली आहे.

माझं स्पष्ट मत: क्लासआधी अप्रेंटिसशिप शोधा. एनएटीएस या केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर पदवीनंतर पाच वर्षांच्या आत नोंदणी करता येते. सोबत हिंगणा, बुटीबोरी, मिहानमधल्या कंपन्यांच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) विभागात थेट अर्ज टाका. अप्रेंटिसशिपची मुदत साधारण एक वर्ष. २०१९च्या नियमांत पदवीधराला महिन्याला किमान ९,००० रुपये स्टायपेंड ठरला होता. बुटीबोरीला रोजचं जाणं-येणं किंवा खोलीचं भाडं त्यातून वजा धरा. नोंदणी फुकट आहे. ‘कंपनीत लावून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.