अढळ म्हणजे काय?

आपण ध्रुवाला अढळ तारा म्हणतो. या शब्दाची फोड अ + ढळ अशी आहे. ढळणे म्हणजे जागेवरून सरकणे. दिवस ढळतो, तोल ढळतो. जो ढळत नाही तो अढळ. गोष्टीतल्या ध्रुवबाळाला सावत्र आईने वडिलांच्या मांडीवर बसू दिले नाही. मग त्याने तप केले. देवाने त्याला कोणी उठवणार नाही अशी जागा दिली. ते अढळपद.

तारा खरोखर ढळत नाही का? पृथ्वी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरते, म्हणून बाकीचे तारे रात्रभर सरकताना दिसतात. पण पृथ्वीचा आस उत्तरेला जिकडे रोखलेला आहे, जवळजवळ तिथेच ध्रुव आहे. म्हणून तो एका जागी दिसतो. बारकाईने मोजले तर तोही लहानसे वर्तुळ करतो, पण नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही.

तो शोधायचा कसा? एप्रिल-मे महिन्यांत रात्री ८ वाजता उत्तरेला सप्तर्षी बघा. त्यांच्या चौकोनाचे, शेपटीपासून लांबचे दोन तारे धरा. त्यांच्यातून खाली क्षितिजाकडे रेघ न्या. दोघांत जेवढे अंतर, त्याच्या पाचपट गेलात की ध्रुव सापडतो. तो फार तेजस्वी नाही. मालवणचे अक्षांश सुमारे १६ आहेत, म्हणून इथे तो क्षितिजाच्या वर १६ अंशांवर दिसतो. हात लांब करून मूठ धरली तर साधारण दीड मूठ.

आपला समुद्र पश्चिमेला आहे. होडी सरळ बाहेर जाताना ध्रुव उजव्या हाताला असतो आणि घरी येताना डाव्या हाताला. आता होडीवर होकायंत्र, जीपीएस असते. पण रात्री ते बंद पडले तर किनारा कुठे? आभाळ स्वच्छ असले तर ध्रुव सांगतो. आमचे आजो म्हणतात, "तो काय हलाचो नाय." पावसाळ्यात मात्र ढगांमुळे तो बहुधा दिसत नाही.

वाक्यात उपयोग :
१. लाटा आपटल्या तरी खडक अढळ राहिला.
२. आईचा माझ्यावर अढळ विश्वास आहे.

लक्षात ठेवा : अढळ आणि अटळ वेगळे. जे टळत नाही ते अटळ. परीक्षा अटळ आहे, ध्रुव अढळ आहे!

— इयत्ता ४ थी