सांडपाणी व नदीचें आरोग्य

आमच्या एकोडीच्या अंगणांतून पावसाळ्यांत वाहून जाणारें पाणी ओढ्यानाल्यांच्या वाटेनें अखेर वैनगंगेस मिळतें. वैनगंगा व वर्धा यांच्या संगमापुढें त्याच प्रवाहास प्राणहिता म्हणतात, व प्राणहिता गोदावरीस जाऊन मिळते. तात्पर्य, आपण उंबरठ्याबाहेर टाकलेलें पाणी नाहींसें होत नाहीं. तें केवळ दुसऱ्याच्या दारीं जातें. या साध्या गोष्टीचा विचार आम्ही येथें करणार आहों.

नदीस स्वतःला शुद्ध करण्याची शक्ति असते, हें खरें. पाण्यांतील घाण सूक्ष्म जंतु खाऊन टाकतात. मात्र त्यासाठीं त्यांस पाण्यांत विरघळलेला प्राणवायु लागतो. २५ अंश उष्णतेच्या स्वच्छ पाण्यांत तो दर लिटरास सुमारें ८ मिलिग्रॅमच मावतो. घाण थोडी असली तर खर्च झालेला प्राणवायु वाऱ्यानें व खळखळाटानें पुन्हां भरून येतो. घाण फार झाली म्हणजे जमेपेक्षां खर्च वाढतो, मासे गुदमरून मरतात, आणि प्राणवायूवांचून जगणारे जंतु माजून पाण्यास दुर्गंधि सुटते.

याचें उदाहरण शोधण्यासाठीं दूर जावयास नको. नागपूर शहराचें सांडपाणी नाग नदीवाटे कन्हान नदींत व तेथून आंभोऱ्याजवळ वैनगंगेंत येतें. पवनी तालुक्यांतील ज्या गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ सालीं बसविली गेली, त्याच्या जलाशयांत हें पाणी सांचून राहतें. वाहतें पाणी थांबलें कीं खळखळाटही थांबतो. शिवाय सांडपाण्यांतील नत्र व स्फुरद यांवर जलपर्णी फोफावते. घाण केली शहरानें, आणि ती सोसावी लागते नदीकांठच्या गांवांस व मासेमारीवर पोट भरणाऱ्या ढिवर बांधवांस.

मग उपाय कोणता? नदी जें काम कित्येक कोसांच्या प्रवासांत करते, तेंच थोड्या जागेंत व थोड्या तासांत करून घेणें, हाच. प्रथम जाळीनें चिंध्या व काड्या अडवितात. मग वाळू व जड गाळ खालीं बसूं देतात. नंतर हौदांतील पाण्यांत जंतुयुक्त गाळ मिसळून यंत्रानें हवा सोडतात. जंतु घाण खाऊन वाढतात व पाणी स्थिर होतांच तळाशीं बसतात. त्यांतील कांहीं गाळ पुन्हां त्याच कामास लावितात. ही रीत आर्डर्न व लॉकेट या दोघांनीं इंग्लंडांतील मँचेस्टर येथें १९१४ सालीं जगापुढें मांडली. नागपुरांतील भांडेवाडी येथें दररोज १३ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करण्याच्या शक्तीचें केंद्र उभारण्यांत आलें, व तेथील शुद्ध केलेलें पाणी कोराडीच्या वीजकेंद्राच्या कामीं आलें. तितकें धरणाचें ताजें पाणी वांचतें, हा दुसरा लाभ.

परंतु केंद्र कितीही मोठें असलें तरी जें पाणी गटारांतून त्यापर्यंत पोहोंचतच नाहीं व परस्पर नाल्यांत पडतें, तें त्यास शुद्ध करतां येत नाहीं. म्हणून यंत्राइतकेंच महत्त्व घरोघरच्या जोडणीस आहे. जलप्रदूषण रोखण्यासाठीं १९७४ सालीं कायदा झाला; पण कायद्याचा हात प्रत्येक न्हाणीपर्यंत पोहोंचत नाहीं.

आमच्यासारख्या खेड्यास मोठें केंद्र नको. न्हाणीचें पाणी परसांतील केळीस किंवा शोषखड्ड्यास द्यावें, शौचकूप विहिरीपासून दूर असावा, आणि पिण्याच्या पाणवठ्यावर गुरें वा कपडे धुऊं नयेत. नागपूरच्या नांवें बोटें मोडणें सोपें आहे. पण आपणही कोणाच्या तरी वरच्या अंगास राहतों. वरच्या गांवानें आपणांस जसें पाणी पाठवावें असें आपण इच्छितों, तसेंच आपण खालच्या गांवास पाठवावें. इतकें ध्यानांत राहिलें तरी या लेखाचें सार्थक झालें, असें आम्ही समजूं.