आठवीचा शेवटचा महिना



चैत्र लागला की आपल्या आर्वी तालुक्यात ऊन चटकू लागते. पऱ्हाटी उपटून होते. गहू आणि चणा घरात येतो. लग्नाच्या पत्रिका येऊ लागतात. याच दिवसांत गावच्या शाळेत आठवीचा वर्ग आपले शेवटचे दिवस मोजत असतो. मुले परीक्षेचा अभ्यास करतात. निरोपाच्या कार्यक्रमाची तयारी करतात. मुली एकमेकींच्या वहीत आपली नावे लिहून ठेवतात. आणि याच दिवसांत वर्गातली एखादी जागा हळूच रिकामी होते.

अशाच एका रिकाम्या जागेची ही गोष्ट आहे.

मी तेव्हा आर्वीजवळच्या एका गावी मुख्याध्यापक होतो. शाळा आठवीपर्यंतच होती. आठवीतली एक हुशार मुलगी चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. तिचा बाप अंगणात खाटेवर बसला होता. मला पाहून तो उठला.

"या गुरुजी, बसा."

"पोरगी कुठे आहे?"

"मायसंगं वावरात गेली, काड्या वेचाले."

"परीक्षा आठ दिवसांवर आली आहे."

"आता शाळा संपलीच ना गुरुजी! गावात आठवीच्या पुढं वर्ग नाही. आर्वीले कोण धाडते पोरीले?"

मला राग आला नाही. त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. आठवीपर्यंत शाळा गावात होती. पुस्तके फुकट मिळत. दुपारची खिचडी शाळेत मिळे. नववीपासून शाळा दूर, डबा घरचा आणि पुस्तकांचा खर्चही आलाच.

आठवीलाच हे सारे का थांबते? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यापासून सुरू होते.

१९३७ साली ऑक्टोबरच्या २२ आणि २३ तारखेला वर्धा येथे शिक्षणाची मोठी परिषद भरली. महात्मा गांधी अध्यक्ष होते. प्रत्येक मुलाला सात वर्षे मोफत शिक्षण मिळावे, ते मातृभाषेतून मिळावे आणि हातच्या कामाशी जोडलेले असावे, असे तिथे ठरले. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तशी योजना आखली. तिला लोक 'वर्धा योजना' किंवा 'नई तालीम' म्हणू लागले. पुढे देश स्वतंत्र झाला. १९५० साली राज्यघटना लागू झाली. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत शिक्षण द्यावे, असे तिच्यात लिहिले गेले. पण त्याचा पक्का कायदा व्हायला २००९ साल उजाडले. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना पहिली ते आठवीचे शिक्षण मोफत मिळणे हा आता त्यांचा हक्क आहे.

म्हणजे कायद्याने आपल्या मुलाचे बोट धरले ते आठवीपर्यंत. पुढे ते बोट आपणच धरायचे आहे.

आता पुन्हा गोष्टीकडे येऊ.

तो बाप आमच्या रात्रीच्या वर्गाला येत असे. त्याची बाराखडी झाली होती. जोडाक्षरे चालू होती. मी त्याला म्हणालो, "उद्या शाळेत या. तुमच्या लेकीचे नाव रजिस्टरात आहे. ते तुम्हीच वाचा."

दुसऱ्या दिवशी तो आला. मी दाखल-खारीज रजिस्टर उघडून त्याच्यापुढे ठेवले. मूल शाळेत आले की त्याची नोंद या रजिस्टरात होते. शाळा सोडल्याचा दाखला याच नोंदीवरून लिहितात. त्याने ओळीवर बोट ठेवले. एकेक अक्षर लावत तो वाचू लागला. लेकीचे नाव वाचले. स्वतःचे नाव वाचले. आडनाव वाचले. जन्मतारखेपाशी त्याचे बोट थांबले.

"गुरुजी, इथं आकड्यात महिना आठ लिहिला हाये. अन् अक्षरात सप्टेंबर. आठवा महिना तं ऑगस्ट असते ना?"

मी चष्मा लावून पाहिले. त्याचे खरे होते. ते पान माझ्या हाताखालून कितीदा गेले असेल! मला चूक दिसली नव्हती. जोडाक्षरे शिकणाऱ्या बापाला ती दिसली. मला शरम वाटली, आणि आनंदही झाला.

"खरा महिना कोणता?" मी विचारले.

"पोरगी तान्ह्या पोळ्याची हाये. त्या साली पोळा ऑगस्टात आला होता. ग्रामपंचायतीत नोंद हाये."

ही चूक लहान दिसते, पण ती लहान नाही. फार वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी नोकरीच्या भरतीला गेला. त्याच्या दाखल्यावर बापाचे नाव एक आणि बाकीच्या कागदांवर दुसरे होते. तो कितीतरी महिने एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरला. तोवर भरती होऊन गेली. मूल शाळेत असते तोवर अशी चूक दुरुस्त करणे सोपे असते. शाळा सोडली की तेच काम फार अवघड होऊन बसते.

बापाने ग्रामपंचायतीतून जन्माचा दाखला आणला. रीतसर अर्ज केला. परीक्षा संपायच्या आत नोंद दुरुस्त झाली. मुलगी मात्र दुसऱ्याच दिवशी शाळेत आली होती. मी कारण विचारले. ती म्हणाली, "बाबा म्हणाले, दाखला मी पाहतो, तू पेपर पाय."

निकालाच्या दिवशी बाप दाखला न्यायला आला. पोच म्हणून सही हवी होती. मी त्याला पोरीचा पहिलीचा प्रवेश अर्ज काढून दाखवला. त्यावर त्याचा अंगठा होता. तो अंगठा त्याने थोडा वेळ पाहिला. मग पेन घेतला आणि सावकाश आपले पूर्ण नाव लिहिले.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. ती उघडली तेव्हा मुलगी एस.टी.ने आर्वीला जाऊ लागली. सकाळचे पाणी भरण्याचे काम तिच्या भावाने उचलले. घरात थोडी कुरकुर झाली, पण ती शिकली.

मित्रांनो, तुमच्या घरी आठवीचे मूल असेल तर एवढे करा.

१. शेवटच्या महिन्यात मुलाला वावरात किंवा लग्नाला नेऊन शाळा बुडवू नका. पूर्वी आठवीपर्यंत कोणाला नापास करत नसत. २०२३ साली महाराष्ट्राने हा नियम बदलला. आता पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नापास झाल्यास पुन्हा एकदा परीक्षा देता येते. तेव्हाही नापास झाल्यास मूल त्याच वर्गात राहते. पण म्हणून त्याला शाळेतून काढता येत नाही.

२. शाळेत जाऊन नोंद स्वतः वाचा. मुलाचे नाव, आईचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख पाहा. तारीख आकड्यांत आणि अक्षरांत एकच आहे ना, हे ताडून पाहा.

३. पुढची शाळा उन्हाळ्यातच ठरवा. सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत फी नाही. शाळेत जाणाऱ्या खेड्यातील मुलींना एस.टी.चा पास मोफत मिळतो. त्याची चौकशी शाळेत करा.

४. आठवीत शिष्यवृत्तीची एक परीक्षा असते. ती केंद्र सरकारची आहे. घरचे वर्षाचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर सरकारी आणि अनुदानित शाळेतील मुलांना ती देता येते. निवड झाल्यास नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये मिळतात. वर्षाचे झाले १२,००० आणि चार वर्षांचे ४८,०००. पण मुलाने नववीत नाव घातलेच नाही तर हे पैसे मिळत नाहीत.

५. मुलीच्या लग्नाची घाई करू नका. अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावणे हा गुन्हा आहे.

आठवी ही गावच्या शाळेची शेवटची पायरी आहे. मुलाच्या शिक्षणाची ती शेवटची पायरी नव्हे. तुम्ही आता वाचू लागला आहात. तेव्हा आपल्या मुलाचा दाखला आधी तुम्हीच वाचा.

प्रश्न

१. वर्ध्याची शिक्षण परिषद कोणत्या साली भरली?
२. बापाला रजिस्टरात कोणती चूक दिसली?
३. नोंदीतली चूक मूल शाळेत असतानाच का दुरुस्त करावी?
४. तुमच्या गावची शाळा कितवीपर्यंत आहे? पुढची शाळा कोठे आहे?

करून पाहा : आपली किंवा आपल्या मुलाची जन्मतारीख आधी आकड्यांत लिहा. मग ती अक्षरांत लिहा. दोन्ही शेजाऱ्याकडून वाचून घ्या.