कयाधूकाठचा उकिरडा

प्रश्न : आमचं गाव कयाधूकाठी आहे. सगळा कचरा नदीच्या उतारावर पडतो आणि पहिल्याच पुरात खालच्या गावात जातो. काय करावं? – एक वाचक, हिंगोली जिल्हा

उत्तर : आधी ओला कचरा वेगळा करा. शेजारच्या पुसदच्या नाडेपकाकांचं, म्हणजे नारायण पांढरीपांडे यांचं खताचं टाकं तुमच्या कामाचं. 10 फूट लांब, 6 रुंद, 3 उंच. हवेसाठी विटांत भोकं ठेवायची. काडीकचरा, शेणकाला, माती असे थर देऊन वरून लिंपायचं. ओल टिकली तर तीन-चार महिन्यांत खत तयार. सोयाबीनचं कुटार पेटवण्यापेक्षा हे बरं! टाकं मात्र पूररेषेच्या वर बांधा. प्लास्टिक जाळू नका. ‘स्वच्छ भारत’च्या दुसऱ्या टप्प्यात तालुकास्तरावर प्लास्टिक प्रक्रिया केंद्राची तरतूद आहे. त्याबद्दल ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना ग्रामसभेतच विचारा.